एका अमायनो आम्लाने वाचलेला उंदीर

2017-18 मध्ये दक्षिण आफ्रिकेत लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस या जिवाणूमुळे हजारावर माणसं आजारी पडली आणि दोनशेहून जास्त दगावली. शोध घेत गेल्यावर त्याचं मूळ सापडलं पोलोनीत. पोलोनी म्हणजे तिथे घरोघरी खाल्लं जाणारं जाडसर सॉसेज. ते पुन्हा न शिजवता, चकत्या कापून थेट पावात घालतात. आजारी पडलेल्यांत फार मोठा वाटा नवजात बाळांचा होता. या बाळांनी पोलोनी खाल्लेलं नव्हतं. ते त्यांच्या आयांनी खाल्लं होतं.

मला या जिवाणूची खरी भीती वाटते ती इथे. जुलाबाचे बहुतेक जंतू आतड्यात धिंगाणा घालून निघून जातात. लिस्टेरिया मात्र आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरतो, रक्तातून वारेपर्यंत, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवापर्यंत, पोचतो आणि वारही ओलांडतो. एवढे पहारे तो कसे चुकवतो?

याचं उत्तर शोधायला उंदीर घेतले, तर उंदीरच आडवे आले. लिस्टेरिया टोचला की उंदीर मरायचे. तोच जिवाणू खाण्यातून दिला की बहुतेकांना काही होत नसे. माणसांत तर रोग अन्नातूनच होतो. मग उंदराच्या आतड्यात असं काय होतं, जे आपल्या आतड्यात नाही?

1991 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पास्काल कोसार आणि सहकाऱ्यांना लिस्टेरियाच्या अंगावरचं एक प्रथिन सापडलं. जिवाणूला पेशीच्या आत नेणारं, म्हणून त्याचं नाव इंटर्नलिन. ते आपल्या पेशीवर नेमकं कशाला धरतं, हे कळायला 1996 उजाडलं. ते धरतं ई-कॅडहेरिनला. आतड्याच्या अस्तरातल्या शेजारी-शेजारी पेशी एकमेकींना घट्ट धरून ठेवतात, त्या याच प्रथिनाच्या जोरावर. इंटर्नलिनने त्याला पकडलं की पेशी आपलं आवरण जिवाणूभोवती ओढून घेते आणि त्याला स्वतःच आत घेते.

उंदराचं कोडं 1999 मध्ये कोसार यांच्याच गटाने सोडवलं. प्रथिनं अमायनो आम्लं नावाच्या कड्या जोडून बनतात; ई-कॅडहेरिन ही अशा सातशेहून अधिक कड्यांची साखळी आहे. तिच्यात सोळाव्या जागी माणसात प्रोलीन असतं, उंदरात ग्लुटामिक आम्ल. साखळीत इतरत्रही थोडे फरक आहेत, पण इंटर्नलिनच्या दृष्टीने निर्णायक ठरतो तो हा एकच. तिथे ग्लुटामिक आम्ल असेल तर इंटर्नलिनची पकड बसत नाही. गिनिपिगमध्ये त्या जागी प्रोलीन असतं, म्हणून त्याच्या आतड्यात लिस्टेरिया घुसू शकतो. पुढे 2001 मध्ये याच गटाने आतड्यात माणसाचं ई-कॅडहेरिन बनवणारे उंदीर तयार केले, आणि त्या उंदरांना अन्नातूनही संसर्ग झाला. इतक्या मोठ्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर विज्ञानात क्वचित मिळतं.

एक अडचण होतीच. ई-कॅडहेरिन असतं दोन पेशींच्या मधल्या फटीत, आणि ती फट वरून घट्ट शिवलेली असते. पण आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. जुन्या पेशी झडतात तिथे, आणि चिकट स्राव सोडणाऱ्या पेशींभोवती, ई-कॅडहेरिन थोडा वेळ उघडं पडतं. लिस्टेरियाला तेवढं पुरतं.

आत गेलेला जिवाणू आधी एका पिशवीत अडकतो. पेशी ती पिशवी आम्लधर्मी करू लागते, घुसखोराला पचवण्यासाठी. नेमकं त्याच आम्लात लिस्टेरियोलायसिन हे प्रथिन जोमाने काम करतं आणि पिशवीला भोकं पाडतं. बाहेर, पेशीच्या मुख्य भागात आम्लता नसते, म्हणून ते तिथे मंदावतं. ते तसंच चालू राहिलं असतं तर पेशी फुटली असती आणि जिवाणू उघड्यावर पडला असता.

पुढचा प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखा आहे. जिवाणूच्या एका टोकाला जमलेलं अ‍ॅक्ट-ए हे प्रथिन पेशीच्या अ‍ॅक्टिनला कामाला लावतं. हेच अ‍ॅक्टिन एरवी पेशीला आकार देतं. त्याचे धागे जिवाणूच्या मागे भराभर वाढत जातात, धूमकेतूसारखी शेपटी तयार होते, आणि तिच्या रेट्याने जिवाणू पुढे ढकलला जातो. पेशीच्या कडेला पोचला की तो आवरणाचं बोट करून शेजारच्या पेशीत घुसतो. या सगळ्या प्रवासात तो पेशीबाहेर येतच नाही, त्यामुळे रक्तातली प्रतिपिंडं त्याला गाठू शकत नाहीत.

फ्रिजमध्ये, 4 अंशांवरही, हा जिवाणू हळूहळू वाढत राहतो. त्याची बरीचशी हत्यारं तेव्हा म्यान असतात. ती बाहेर काढणाऱ्या नियंत्रक प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याचा निरोप वाहणारा रेणू, थंडीत स्वतःवर दुमडलेला असतो आणि 37 अंशांच्या आसपास उलगडतो. म्हणजे शरीरात आल्याची खूण त्याला उष्णतेतून मिळते. गरोदर बाईला शिळंपाकं देऊ नये, दूध उकळूनच द्यावं, असं आपल्याकडच्या थोरल्या बायका बजावत आल्या. नीट तापवलेल्या अन्नात लिस्टेरिया जगत नाही, आणि गरोदरपणात या आजाराचा धोका कितीतरी पट वाढतो. त्या सांगण्याची किंमत मला हे वाचल्यावर नव्याने कळली.

उंदराचा विषय मात्र अजून संपलेला नाही. मोठा डोस खाऊ घातला तर साध्या उंदरातही थोडे जिवाणू पलीकडे जातातच. इंटर्नलिन निकामी, मग कसे? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अरुण भुनिया यांच्या गटाने 2018 मध्ये एक वाट दाखवली. लिस्टेरियाचं एक साधं विकर (एन्झाइम), रोजच्या चयापचयात लागणारं, त्याच्या पृष्ठभागावरही येऊन बसतं. ते आतड्याच्या पेशीवरच्या एचएसपी-60 या प्रथिनाला चिकटतं. त्याने पेशीच्या आत दाहाचे संकेत सुटतात, पेशींमधली शिवण सैल होते आणि त्या फटीतून जिवाणू पलीकडे सरकतो.

याच गटाने 2020 मध्ये तेच विकर लॅक्टोबॅसिलस या निरुपद्रवी जिवाणूच्या अंगावर बसवलं आणि उंदरांना दहा दिवस ते जिवाणू पाजले. मग लिस्टेरिया दिला. लॅक्टोबॅसिलस आधीच एचएसपी-60 ला चिकटून बसला होता. त्या आतड्यांत लिस्टेरियाला टेकायला पुरेशी जागा उरली नव्हती, आणि ते उंदीर मोठ्या प्रमाणात वाचले.