आयन-वाहकता सूक्ष्मदर्शन
जिवंत पेशीला स्पर्श न करता तिच्या पृष्ठभागाचा उंचसखलपणा टिपणारी क्रमवीक्षण (बिंदूमागून बिंदू तपासत जाणारी) पद्धत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत पॉल हान्स्मा व सहकाऱ्यांनी ती १९८९ मध्ये मांडली. जिवंत पेशींच्या अभ्यासात तिला आणले ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील यूरी कोर्चेव्ह यांच्या गटाने, १९९७ मध्ये.

साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून सुमारे २०० नॅनोमीटरहून बारीक तपशील सुटे दिसत नाहीत, आणि नेहमीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या निर्वातात पेशी जगत नाही. १९८६ चा अणुबल सूक्ष्मदर्शक द्रवातही चालतो. पण त्याचे टोक पेशीवर टेकते, पेशीचे मऊ बाह्य आवरण म्हणजे पटल दबते आणि चित्रात पुष्कळदा पटलाखालच्या पेशी-सांगाड्याचे धागेच उठून दिसतात. पेशीचा ताठरपणा मोजायला हा दाब उपयोगी पडतो, पटलाचे मूळ रूप पाहायला मात्र तो अडसर ठरतो.

आयन-वाहकता सूक्ष्मदर्शनात अशा टोकाच्या जागी काचेची पोकळ नळी असते. तापवून ओढल्यावर तिचे तोंड १०० नॅनोमीटरच्या आसपास उरते. नळीत क्षारद्रावण भरतात; चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा एक विद्युत्अग्र नळीत आणि दुसरा पेशींच्या द्रावणात ठेवून आयनांचा (विद्युतभारित कणांचा) प्रवाह मोजतात. तोंड पृष्ठभागाजवळ, साधारण स्वतःच्या त्रिज्येइतक्या अंतरावर आले, की आयनांची वाट अरुंद होते व प्रवाह घटतो. जेमतेम एखाद्या टक्क्याची घट दिसताच नळी थांबवून तिची उंची नोंदवतात.

सुरुवातीला नळी पृष्ठभागालगतच आडवी सरकवत, त्यामुळे उंच कडेवर ती आदळे. प्रत्येक बिंदूवर खाली उतरून पुन्हा वर उचलण्याची युक्ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि चेतापेशींचे गुंतागुंतीचे जाळे, कानातील केसपेशींचे ताठ तंतूही टिपता आले.

सर्वांत बोलके उदाहरण हृदयाचे आहे. २०१० मध्ये उंदरांच्या हृदयपेशींचा पृष्ठभाग असा रेखून त्याच नळीने नेमक्या जागी औषध सोडले गेले. निरोगी पेशीत बीटा-२ ग्राहकांचा (अॅड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचा संदेश टिपणाऱ्या पटलावरील प्रथिनांचा) प्रतिसाद पटलाच्या आत शिरलेल्या आडव्या नलिकांच्या तोंडाशीच मिळाला. निकामी होत चाललेल्या हृदयाच्या पेशीत तो मधल्या उंचवट्यांवरूनही आला. पेशी कापून, रंगवून हा फरक इतक्या थेटपणे दाखवता आला नसता.

पद्धत संथ आहे. एका चित्राला बहुधा काही मिनिटे लागतात. तेवढ्यात पटलावरील कित्येक घडामोडी उरकूनही जातात. नळी तुंबते, मोडते. पण चित्र झाल्यावर तीच नळी निवडलेल्या बिंदूवर टेकवून तेथील आयन-मार्गिकेचा (पटलातून आयनांना वाट देणाऱ्या प्रथिनाचा) प्रवाहही मोजता येतो.