नवे अमली पदार्थ आणि तरुण पिढी : नाशिक

गांजा, अफू, चरस आणि ब्राउन शुगर हे अमली पदार्थांचे जुने, परिचित प्रकार होत. गेल्या दोन दशकांत त्यांत कारखान्यात रसायनांपासून बनणारे उत्तेजक पदार्थ, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे आणि पंक्चरच्या सोल्यूशनसारखी घराघरांत, दुकानांत सापडणारी विद्रावके यांची भर पडली. या बदलाचे नाशिक शहर व जिल्ह्यातील स्वरूप आणि त्यापासून तरुणांना होणारी हानी टाळण्याचे मार्ग यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

नाशिकला नशेचे पदार्थ नवीन नाहीत. सिंहस्थाच्या काळात रामकुंड, तपोवन आणि त्र्यंबकेश्वर येथे उतरणाऱ्या साधूंच्या हातातली चिलीम नाशिककरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे, आणि महाशिवरात्रीची भांगही समाजाने मुकाट्याने मान्य केली आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातही हा भेद दिसतो : गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे त्याची राळ, या दोन्हींवर बंदी आहे, नुसत्या पानांपासून केलेली भांग मात्र या व्याख्येत बसत नाही व तिचे नियमन राज्यांकडे आहे. आजच्या प्रश्नाचे मूळ मात्र या परंपरेत शोधण्यात फारसा अर्थ नाही. सातपूर, अंबड व सिन्नर येथील औद्योगिक वसाहती, मुंबई–आग्रा आणि पुणे–नाशिक हे महामार्ग, तसेच धुळे, नंदुरबार, जळगावकडून शिक्षणासाठी येऊन वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी हजारो मुले, हे आजच्या नाशिकचे वास्तव आहे. नव्या पदार्थांचा पुरवठा आणि मागणी या दोन्हींचा संबंध या वास्तवाशी आहे.

एमडी. मेफेड्रॉन हे रासायनिक नाव असलेला आणि बाजारात ‘एमडी’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा पांढरट भुकटीसारखा पदार्थ सध्या सर्वाधिक चर्चेत आहे. त्याचे संश्लेषण १९२९ मध्येच झाले होते; परंतु नशेसाठी त्याचा प्रसार २००० नंतरच्या दशकात युरोपात झाला. ब्रिटनने २०१० मध्ये त्यावर बंदी घातली आणि भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा समावेश १९८५ च्या कायद्याखाली करण्यात आला. त्यासाठी शेत लागत नाही, खसखस किंवा कोका लागत नाही. औद्योगिक रसायने, एक शेड आणि रसायनशास्त्राची जुजबी जाण असलेला माणूस एवढ्यावर काम भागते, आणि म्हणूनच बंद पडलेल्या किंवा भाड्याने दिलेल्या कारखान्यांमध्ये त्याचे उत्पादन आढळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिक रोडजवळील शिंदे गावातील कारखान्यावर छापा घातला आणि त्या प्रकरणात एकूण सुमारे ३०० कोटी रुपये किमतीचे एमडी जप्त केले, तेव्हा हे नाव नाशिकच्या घराघरांत पोहोचले. त्याआधी, जून २०२१ मध्ये, इगतपुरीतील बंगल्यांमध्ये चाललेल्या पार्टीवरचा छापाही गाजला होता. अशा बातम्यांमध्ये किमतीचा आकडा मोठा असतो. तो सेवन करणाऱ्या मुलांची संख्या किंवा त्यांची अवस्था सांगत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

एमडी नाकाने ओढल्यावर काही मिनिटांत तरतरी, बडबड, जवळीक व आत्मविश्वास वाटू लागतो आणि दोन-तीन तासांत तो ओसरतो. ओसरतानाची मरगळ असह्य होत असल्याने पुन्हा, आणि मग पुन्हा, अशी एकाच रात्रीत अनेकदा पुडी उघडली जाते. या पदार्थाचा खरा सापळा हाच आहे. हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो, शरीराचे तापमान चढते, दात करकर वाजतात, भूक आणि झोप उडते. सलग सेवनानंतर कोणीतरी पाळत ठेवून आहे असा पक्का संशय, भास आणि टोकाचे नैराश्य येऊ शकते. घरच्यांच्या लक्षात सहसा येतात त्या गोष्टी वेगळ्याच असतात : दोन दोन रात्री जागून तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निपचित पडणे, नाकातून वारंवार रक्त येणे, झपाट्याने उतरलेले वजन आणि सतत लागणारे उसने पैसे. यांतली एखादी खूण एकटी दिसली तर तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. परीक्षेच्या काळात निम्म्या वसतिगृहाची झोप उडालेली असते.

औषधांचा गैरवापर. वृत्तपत्रांत एमडीला मथळे मिळतात, पण जिल्ह्याचा विचार करता औषधांचा प्रश्न कमी गंभीर नाही. मालेगाव परिसरात ‘कुत्ता गोळी’ या नावाने जी गोळी विकली जाते, ती अल्प्राझोलाम हे चिंता व निद्रानाशावरचे औषध आहे. मानसोपचारतज्ज्ञ ते मोजक्या दिवसांसाठी देतात. अधिक मात्रेत किंवा दारूबरोबर घेतल्यास भान सुटते, आक्रमकता वाढू शकते आणि घेणाऱ्याला केलेले कृत्य पुढे आठवतही नाही. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांचाही असाच उपयोग होतो. ट्रामाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. ही सर्व औषधे २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ परिशिष्टात येतात : वेष्टनावर लाल चौकटीतला इशारा असतो, चिठ्ठीशिवाय विक्री करता येत नाही, आणि औषध विक्रेत्याने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव आणि दिलेली मात्रा यांची स्वतंत्र वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपून ठेवायची असते. एकाच रुग्णाच्या नावावर एकाच आठवड्यात तीन दुकानांतून गोळ्या गेल्या, तर त्या वह्या एकमेकींशेजारी ठेवल्याखेरीज ते कळत नाही. ही तपासणी अन्न व औषध प्रशासनाने नियमितपणे केली, तर तिचा उपयोग नाक्यावरच्या झडतीपेक्षा अधिक होईल असे मानण्यास जागा आहे.

या गोळ्यांबाबत एक वैद्यकीय बाब घरच्यांनी जाणून घेणे अत्यावश्यक आहे. अल्प्राझोलामची सवय जडलेल्या मुलाच्या गोळ्या हाती लागल्या की त्या फेकून देणे आणि त्याला खोलीत कोंडून ठेवणे हा स्वाभाविक संताप असला, तरी गोळ्या एकाएकी बंद केल्याने फिट येऊन जीव जाण्याचा धोका असतो. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. दारूची दीर्घ सवय सोडतानाही हाच धोका असतो.

हुंगण्याचे पदार्थ. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन यांतील टोल्युइनसारखी विद्रावके रुमालावर किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन हुंगली जातात. ही नशा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कोवळ्या वयाची. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आढळणारा हा एकमेव प्रकार होता. रेल्वे स्थानके, बस स्थानके आणि घाट यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या मुलांमध्ये तो विशेष दिसतो. भूक मारणे आणि थंडी विसरणे हे त्याचे कारण असल्याने, त्या मुलांना व्यसनाचे दुष्परिणाम सांगणारे पत्रक देणे ही जवळपास थट्टाच ठरते. तोंडाभोवती व नाकाखाली पुरळ, कपड्यांना येणारा रंगासारखा वास आणि अडखळती चाल ही त्याची लक्षणे होत. हुंगल्यानंतर लगेच धावपळ किंवा घाबरगुंडी झाल्यास हृदयाची लय बिघडून, अगदी पहिल्या वेळीही, मृत्यू येऊ शकतो. म्हणून अशा मुलाच्या मागे आरडाओरडा करत धावू नये.

इतर प्रकारांपैकी व्यायामशाळांतून फिरणारे मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन उल्लेखनीय आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी असलेले हे औषध ‘स्टॅमिना’ वाढवण्याच्या नावाखाली टोचले जाते, आणि ते घेणारा मुलगा स्वतःला व्यसनी समजतच नाही. ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री व जाहिरात यांवर २०१९ पासून देशभर आणि हुक्का पार्लरांवर २०१८ पासून राज्यात बंदी असली, तरी दोन्ही लपूनछपून चालू असतात. थायलंडमधून विमानाने येणारा ‘हायड्रो’ गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातो; बंदिस्त जागेत वाढवलेल्या या गांजातील मादक घटकाचे प्रमाण जुन्या गांजाहून बरेच अधिक असल्याने घबराट व मनोविकाराचे झटके येण्याची शक्यताही त्या मानाने वाढते.

कायदा. १९८५ च्या कायद्यानुसार सेवन हादेखील गुन्हा असून, पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद अथवा दंड होऊ शकतो. मोठ्या प्रमाणातील साठ्याला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे. मेफेड्रॉनच्या बाबतीत हे ‘मोठे प्रमाण’ ५० ग्रॅमपासून सुरू होते. मित्राची पिशवी ‘जरा ठेव’ म्हणून खोलीवर ठेवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा आकडा ठाऊक नसतो. याच कायद्यातील कलम ६४-अ मात्र क्वचितच सांगितले जाते : अल्प प्रमाणाशी किंवा सेवनाशी संबंधित आरोप असलेली व्यसनी व्यक्ती शासकीय वा शासनमान्य संस्थेत आपणहून उपचारास गेली, तर तिच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही, उपचार अर्ध्यावर सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. पोलिसांच्या भीतीने मुलाला दवाखान्यात न नेणाऱ्या पालकांसाठी हे कलम महाविद्यालयांच्या फलकावर लावण्याजोगे आहे. बालकाला अमली पदार्थ देणाऱ्यास, तसेच त्याच्याकडून विक्री करून घेणाऱ्यास, बालन्याय कायदा २०१५ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

प्रतिबंध. दरवर्षी २६ जूनला, म्हणजे जागतिक अमली पदार्थविरोधी दिनी, शपथ, प्रभातफेरी आणि सभागृहातले व्याख्यान असा कार्यक्रम शाळा-महाविद्यालयांत होतो. त्यात हेतूची खोट नाही. परिणाम मात्र बेताचाच. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारी कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या प्रतिबंधाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत नुसती माहिती देणारी व भीती घालणारी व्याख्याने, तसेच व्यसनमुक्त व्यक्तींचे अनुभवकथन, यांचा सेवन रोखण्यास उपयोग होत नाही किंवा उलट परिणामही होऊ शकतो असे नमूद केले आहे. सभागृहातल्या तीनशे मुलांसमोर नऊ पदार्थांची नावे, रंग आणि टोपणनावे सांगणारा वक्ता त्यांतल्या कित्येकांची त्या पदार्थांशी पहिली ओळख स्वतःच करून देत असतो. त्याच मानकांनुसार उपयोगी ठरतात ते वर्गात संवादातून, अनेक सत्रांत शिकवलेली जीवनकौशल्ये, पालकांचे प्रशिक्षण आणि शाळेशी मुलांचे घट्ट राहिलेले नाते. आइसलँडने १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुलांच्या संध्याकाळी खेळ, संगीत व पालकांची सोबत यांनी भरण्याचे धोरण घेतले. तेथे महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ मधील ४२ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. नाशिकची तुलना आइसलँडशी थेट करता येत नाही, पण सिडको-सातपूरच्या दाट वस्त्यांतील मुलांना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत जायला मैदान, अभ्यासिका वा तालीम आहे का, हा प्रश्न महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या चर्चेत विचारता येण्याजोगा आहे.

घरातील संवादाचा कस लागतो तो पुडी किंवा गोळ्यांची पाकिटे सापडल्याच्या दिवशी. मुलगा नशेत असताना जाब विचारू नये. तो भानावर आल्यावर आई-वडिलांपैकी ज्याच्याशी त्याचे जमते त्याने एकट्याने बोलावे. “कोणी दिलं?” या प्रश्नाआधी “काय घेतलंस, किती घेतलंस, आणि आत्ता कसं वाटतंय?” हे विचारल्यास डॉक्टरांना देण्याजोगी माहिती तरी हाती लागते.

तातडीची मदत. गोळ्या, दारू वा अफूजन्य पदार्थांमुळे माणूस बेशुद्ध पडल्यास त्याला उताणे न ठेवता कुशीवर वळवावे, जेणेकरून उलटी घशात अडकणार नाही. श्वास मंद वा घरघरणारा असल्यास ‘झोपून उतरेल’ असे न म्हणता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. लिंबू, ताक, मीठ-पाणी किंवा उलटी करवणे हे उपाय बेशुद्धावस्थेत घातक ठरतात. एमडीसारख्या उत्तेजकामुळे अंग तापून छातीत दुखू लागल्यास गर्दीतून बाजूला नेऊन अंग ओल्या कापडाने थंड करावे आणि रुग्णालय गाठावे. सोबतच्या मित्रांनी काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगणे हा उपचाराचाच भाग होय.

उपचार. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा मानसिक आजारांत समावेश असल्याने, अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्रांनाही नोंदणी बंधनकारक आहे. रुग्णाला बांधून ठेवणारी, मारहाण करणारी किंवा नातेवाइकांना भेटू न देणारी केंद्रे अद्यापही चालतात. दाखल करण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र, भेट देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचे नाव आणि भेटीचे नियम पालकांनी आवर्जून विचारावेत. महाराष्ट्रात या क्षेत्राला वळण लावण्यात १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा वाटा मोठा आहे. एमडीच्या व्यसनावर ठरावीक असे औषध उपलब्ध नाही; झोप, आहार, नैराश्यावरील उपचार आणि दीर्घकाळचे समुपदेशन यांवर भर असतो. अफूजन्य पदार्थांसाठी ब्यूप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी औषधे परिणामकारक आहेत. केंद्र शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६, मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ आणि तस्करीची माहिती देण्यासाठीची मानस १९३३ या क्रमांकांवर आहे.

उपचारानंतर काही महिन्यांत पुन्हा सेवन होणे हे या आजारात नेहमीचे असून ते उपचार फसल्याचे लक्षण मानले जात नाही. मात्र खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वी पचलेली मात्रा, विशेषतः अफूजन्य पदार्थांची, आता प्राणघातक ठरू शकते. ही सूचना केंद्रातून घरी सोडताना रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबाला स्पष्ट शब्दांत दिली जाणे आवश्यक असते.