कच्चा रंग, पक्का रंग : गाठ दाखवणारे नॅनोकण

सोलापुरात ‘रंग देऊन’ सीटी किंवा एमआरआय काढायचा म्हटलं की पेशंटबरोबर आलेला कुणीतरी विचारतोच, “रंग नंतर निघून जातो नव्हं?” चादरी-टॉवेलच्या गावात रंग दोनच तऱ्हेचे, कच्चा आणि पक्का. खरं तर या ‘रंगाने’, म्हणजे चित्र ठळक यावं म्हणून टोचलेल्या कॉन्ट्रास्टने, आत काहीच रंगत नाही. सीटीतलं आयोडीन क्ष-किरण अडवतं, एमआरआयमधलं गॅडोलिनियम आसपासच्या पाण्यातल्या हायड्रोजनचा चुंबकीय संदेश बदलतं. शब्द चुकीचा असला तरी प्रश्न मात्र नेमका आहे.

पक्क्या रंगाची सर्वांत वाईट आठवण थोरोट्रास्टची. १९३०च्या दशकात वापरात आलेलं हे थोरियम डायऑक्साइडचं कलिल, म्हणजे द्रवात तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण. चित्रं झकास यायची, पण कण यकृतात आणि प्लीहेत ठाण मांडून बसत, किरणोत्सर्ग करत. यकृताचे कर्करोग उगवायला पुढे कित्येकदा वीस-तीस वर्षं लागली.

लोहाच्या कणांचं दुखणं वेगळं. आयर्न ऑक्साइडच्या अशा कणांना १९९६ मध्ये अमेरिकेत यकृताच्या एमआरआयसाठी मान्यता मिळाली. यकृतातल्या भक्षक पेशी कण गिळत, त्यामुळे निरोगी भाग काळा पडे. कर्करोगाच्या गाठीत या पेशी सहसा नसतात, म्हणून ती उजळ उरे. बांधणीत गाठ मारलेली जागा कोरी राहते, अगदी तसं! वर ते लोह हळूहळू शरीराच्याच साठ्यात मुरून जाई. तरीही २००८ मध्ये उत्पादन थांबलं. सलाइनमधून अर्धा तास सोडावं लागे, काहींची कंबर दुखे, हे खरं. पण घाव बसला तो खपाचा. त्याच वर्षी यकृतासाठीचं, झटपट टोचता येणारं गॅडोलिनियम अमेरिकेत आलं. उत्पादन थांबवण्याचा निर्णय घाईचा होता असं माझं मत. कारण कच्चा समजलेला गॅडोलिनियमचा रंगही मेंदूत थोडा उरतो हे पुढे दिसलं आणि २०१७ मध्ये युरोपने त्यातल्या काही प्रकारांवर बंधनं घातली. लोहाचे कण २००९ मध्ये परतले, पण किडनीच्या रुग्णांच्या ॲनिमियावरचं औषध म्हणून. डॉक्टरांनी त्याच कणांच्या मदतीने एमआरआयही काढून पाहिले.

‘मल्टिमोडल’, म्हणजे एकाहून अधिक तऱ्हांनी चित्र काढणं, हा त्यानंतरचा बोलबाला. पेट (टोचलेल्या किरणोत्सारी द्रव्याचा माग काढणारं स्कॅन) आणि सीटी एकाच यंत्रात आले, दशकभराने पेट-एमआरआय आलं. मग एकच कण दोन्हीकडे दिसावा ही हाव सुटली. अडचण मापाची. पेटला चिमूट पुरते, एमआरआयला पोतं लागतं. त्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांचा २०१६ मधला आढावा सांगतो की टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचतात ते मध्यक ०.७ टक्के.

माणसांवरचा एक महत्त्वाचा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मेलॅनोमाचे (त्वचेच्या एका कर्करोगाचे) पाच रुग्ण, आणि सहा-सात नॅनोमीटरचे सिलिकाचे कण. पेटसाठी त्यांना किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं होतं आणि कणांच्या पोटात चमकणारा डाय होता, म्हणजे या खेपेला खरोखरचा रंग. तो बहुतांश लघवीवाटे निघून गेला.