अंग बाहेर येणं: पिशवी काढण्याआधी

सकाळी उठल्यावर काही जाणवत नाही. दुपारपर्यंत ओटीपोट जड होतं, कंबर भरून येते आणि संध्याकाळी उकिडवं बसलं की योनीच्या तोंडाशी मऊ गोळा हाताला लागतो. रात्री आडवं झालं की तो आपोआप आत जातो. कित्येक बायका लघवीला बसताना हा गोळा बोटाने आत सारतात, कारण त्याशिवाय लघवी पूर्ण होत नाही. वर्षानुवर्षं हे चालतं आणि घरात कुणाला पत्ता नसतो. सासूजवळ विषय काढलाच, तर ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ एवढ्यावर तो मिटतो. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला, त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. अंग बाहेर येण्याचं दुखणंही असंच अंगावर काढलं जातं.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार ती पेलते. शिवाय गर्भाशयाच्या तोंडापासून निघणारे दोरीसारखे चिवट अस्थिबंध त्याला मागे पाठीच्या खालच्या हाडाकडे आणि दोन्ही बाजूंना ओढून धरतात. स्नायू दुबळे झाले की सगळा ताण या बंधांवर येतो आणि रोजच्या ओढीने तेही लांबतात. आधार पुढून सुटला तर मूत्राशय योनीत फुगतं. हाच प्रकार सर्वाधिक दिसतो. मागून सुटला तर गुदाशय पुढे येतं, आणि वरून सुटला तर गर्भाशय खाली उतरतं. बऱ्याचदा यातलं एकापेक्षा जास्त काही एकत्रच घडतं.

सर्वांत मोठा ताण बाळंतपणात पडतो. बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूचा मधला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो, असं संगणकावरच्या प्रतिकृतीत दिसलं आहे. काही जणींत तो हाडापासून सुटतोही. चिमटा लावून बाळ काढलं तर हा धोका वाढतो. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडण्याआधीच बाईला जोर करायला लावणं, वरून पोट दाबणं, हेही घातक. मग येतो सव्वा महिना. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तिथे ओली बाळंतीण आठ-दहा दिवसांत डोक्यावर हंडा घेते. जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि वाढलेलं वजन यांचा दाब वर्षानुवर्षं त्याच तळावर पडत राहतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं आणि तिथल्या ऊती पातळ होतात. काहींच्या ऊती जन्मतःच सैल असतात, म्हणून क्वचित मूल न झालेल्या मुलीलाही हा त्रास होतो.

हे सगळं समजून घ्यायचं, कारण आपल्याकडे या दुखण्यावर एकच उपाय तोंडपाठ झाला आहे: पिशवी काढून टाका. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागची कारणं निरनिराळी होती, पण पिशवी गेली की दुखणं संपलं, हा समज त्यातून किती खोल रुजलाय ते कळतं. अंग बाहेर येण्यात गर्भाशयात बिघाड नसतो, त्याचा आधार सुटलेला असतो. नुसती पिशवी काढली आणि आधार तसाच सैल ठेवला, तर काही वर्षांनी योनीचा वरचा घुमटच खाली येऊ शकतो. पिशवी काढणं कधी योग्यही असतं, पण तेव्हा आधाराची दुरुस्तीही झाली पाहिजे.

पहिला उपाय व्यायामाचा. वायू रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आत आणि वर खेचायचे, काही सेकंद धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. श्वास कोंडायचा नाही. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन-चार महिने. १९४८मध्ये अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी हा व्यायाम प्रचारात आणला. पूर्ण बाहेर आलेलं अंग त्याने आत जात नाही, पण सौम्य अवस्थेत जडपणा आणि त्रास कमी होऊ शकतो. खोकला आणि बद्धकोष्ठतेवर सोबतच उपचार हवेत.

दुसरा उपाय फारच कमी बायकांना सांगितला जातो, याचं मला वाईट वाटतं. तो म्हणजे पेसरी, सिलिकॉनची लवचिक कडी. डॉक्टर बोटांनी अंदाज घेऊन माप ठरवतात, कडी दुमडून योनीत सरकवतात; आत ती उघडते आणि अवयवांना वर धरते. मग बाईला चालायला, उकिडवं बसायला, खोकायला आणि लघवी करून यायला सांगतात. कडी निसटली नाही, बोचली नाही आणि लघवी मोकळी झाली, तर माप जुळलं. बऱ्याच जणी ती स्वतः काढून, धुऊन परत बसवायला शिकतात. इतरांनी काही महिन्यांनी तपासणीला यायचं. वय जास्त असेल, हृदयविकार असेल किंवा शस्त्रक्रिया नको असेल, तर ही कडी मोठा आधार ठरते.

शस्त्रक्रियेतही पिशवी राखता येते, आणि यात मुंबईच्या डॉक्टरांचं काम मोलाचं आहे. गोव्यातल्या शिरोड्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी गर्भाशयाचं तोंड पट्टीने मागच्या हाडाशी बांधायची पद्धत काढली, डॉ. पुरंदरे यांनी ते पुढे पोटाच्या भिंतीशी बांधलं. पुढे मूल हवं असलेल्या तरुण मुलींसाठी या पद्धती आधार ठरल्या. आधारासाठी योनीमार्गे बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम जाळीबद्दल मात्र सावध राहा: जाळी योनीत उघडी पडणं, सततची वेदना अशा तक्रारींनंतर अमेरिकेने २०१९मध्ये या आजारासाठी तिची विक्री थांबवली. शस्त्रक्रिया कुठलीही असो, त्रास परत उद्भवू शकतो, हे डॉक्टरांनी आधी सांगायलाच हवं.

अंग थोडं खाली आलंय पण काहीच त्रास नाही, तर व्यायाम आणि अधूनमधून तपासणी पुरते. लघवी अडली, बाहेर आलेल्या भागावर जखम होऊन रक्त आलं, किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर मात्र थांबू नका. अंग पूर्ण बाहेर राहिलं तर मूत्रवाहिन्या मुरडून मूत्रपिंडांवरही ताण येतो.