अमेरिकॉर्प्सची ‘फेलोशिप’: अर्ज कोणी करावा, कागद कोणते लागतात, हातात काय पडतं

“कम्युनिटी आउटरीच फेलो हवेत. अकरा महिने. भत्ता मिळेल.” अमेरिकेत एखाद्या फॅमिली रिसोर्स सेंटरची (कुटुंबांना आधार देणाऱ्या स्थानिक केंद्राची) अशी जाहिरात दिसली, की आधी तळाची बारीक अक्षरं वाचा. बरेचदा तिथे अमेरिकॉर्प्सचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं, नाव असतं. तसं असेल तर ही साधी नोकरी नाही, साधी स्वयंसेवाही नाही. पैसे मिळतात पण त्याला पगार म्हणत नाहीत, साहेब असतो पण तुम्ही त्याचे कर्मचारी नसता. तुम्ही ‘मेंबर’ असता आणि जे करता त्याला ‘सर्व्हिस’ म्हणतात. नियमांतल्या बऱ्याच गोष्टी या एका फरकातून निघतात.

अमेरिकॉर्प्स १९९३ च्या कायद्याने सुरू झालं आणि १९९४ मध्ये पहिले मेंबर कामाला लागले. केंद्र सरकारचा पैसा मुख्यतः राज्यांच्या सेवा आयोगांमार्फत संस्थांकडे जातो आणि संस्था आपापले मेंबर निवडतात. म्हणून पाटी एकच असली तरी भत्ता, वेळा आणि कामाचं स्वरूप संस्थेगणिक बदलतं.

कुटुंबांना आधार देणाऱ्या संस्थेत आउटरीच म्हणजे बहुतेक पायपीट. वाचनालयात टेबल मांडून बसायचं, फूड पँट्रीच्या (गरजूंना फुकट शिधा मिळतो त्या जागेच्या) रांगेत पत्रकं द्यायची, शाळेच्या पालकसभेत पाच मिनिटं मागून घ्यायची, आणि नव्या आईबापांना सांगायचं की बाळाचे डायपर, पालकांचे वर्ग, हेड स्टार्टचे (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या लहानग्यांसाठीच्या सरकारी बालवाडीचे) प्रवेश, घरी येऊन मदत करणारी ताई हे सगळं इथे मिळतं. न्यू जर्सीत एडिसनसारख्या गावी मराठी-हिंदी-गुजराती बोलता येणं ही मोठी जमेची बाजू आहे. अर्जात ती पहिल्या परिच्छेदात लिहा, शेवटच्या ओळीत नको.

एक घोळ आधीच मिटवू. अमेरिकॉर्प्सच्या दोन शाखा अशा जाहिरातींत दिसतात. ‘स्टेट अँड नॅशनल’चे मेंबर थेट लोकांत काम करतात. ‘व्हिस्टा’ (ही १९६५ पासूनची, म्हणजे थोरली) पडद्यामागची: स्वयंसेवक जमवणं, अनुदानाचे अर्ज लिहिणं, नोंदींची घडी बसवणं. माणसांत मिसळायची हौस असलेल्याने व्हिस्टा घेतलं तर वर्षभर एक्सेलसमोर बसावं लागेल. जाहिरातीत कोणती शाखा ते लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा.

पात्रता: पहिल्याच दारात बरेच जण अडतात

स्टेट अँड नॅशनलसाठी तुम्ही अमेरिकेचे नागरिक, नॅशनल (अमेरिकन सामोआसारख्या बेटांवर जन्मलेले) किंवा ग्रीन कार्डधारक, म्हणजे कायमच्या वास्तव्याची परवानगी असलेले, असायला हवं. आपल्या लोकांचे सगळ्यात जास्त प्रश्न इथेच येतात, तेव्हा स्पष्ट सांगतो. एच-४ वर (एच-१बी नोकरी व्हिसावाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आलेल्या जोडीदाराला ही सेवा करता येत नाही. हातात ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड, असलं तरी नाही, कारण काम करायची परवानगी आणि कायमचं वास्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) आणि ओपीटीवाल्यांचंही (त्याच व्हिसावर शिक्षणाशी निगडित तात्पुरतं काम करणारे) तेच. ग्रीन कार्डचा अर्ज नुसता प्रलंबित असेल तर कार्ड येईपर्यंत थांबा. उलट, अमेरिकेत जन्मलेला आणि पुण्यात वाढलेला मुलगा, जो भारतात ओसीआयवर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) राहतो, तो नागरिक असल्यामुळे पात्र आहे. त्याच्या घरच्यांच्या हे बहुधा ध्यानातच येत नाही.

वय स्टेट अँड नॅशनलला किमान १७, व्हिस्टाला १८. वरची मर्यादा नाही, त्यामुळे साठीतल्या ग्रीन कार्डवाल्या आजीही अर्ज करू शकतात. त्यांच्यासाठी एक खास सोय आहे, ती पुढे येईल. शिक्षण सहसा हायस्कूलपर्यंतचं किंवा त्याच्या तोडीचं लागतं. पदवीची अट संस्था आपल्या गरजेप्रमाणे घालते.

पैसे

पूर्णवेळ म्हणजे १७०० तास, नऊ ते बारा महिन्यांत. अर्धवेळ ९०० तास, त्याखाली ६७५, ४५० आणि ३०० तासांच्या जागाही असतात. पूर्णवेळ मेंबरला किमान निर्वाह भत्ता देणं संस्थेला बंधनकारक आहे. पूर्णवेळेपेक्षा कमी तासांच्या जागेवर तसं बंधन नाही, तिथे भत्ता थोडा असेल किंवा नसेलही. जाहिरातीतला आकडा वर्षाचा की महिन्याचा, आणि किती तासांसाठी, हे बघितल्याशिवाय हिशेब मांडू नका.

भत्ता तासावर मोजत नाहीत. एका आठवड्यात पन्नास तास राबलात तरी रक्कम तीच. तास लवकर संपवून मोकळे झालात तर उरलेल्या महिन्यांचा भत्ता एकदम हातात पडत नाही, तो तिथेच थांबतो. शिवाय त्यावर कर लागतो. पूर्णवेळ मेंबरला आरोग्य विमा मिळतो, आणि उत्पन्न कमी असेल तर लहान मुलांच्या पाळणाघराच्या खर्चालाही मदत होते. ही दुसरी सोय आपण होऊन कोणी सांगेल असं नाही, विचारून घ्या.

मुदत पूर्ण झाली की मिळतो तो सीगल एज्युकेशन अवॉर्ड. पूर्णवेळेसाठी त्याची रक्कम पेल ग्रँटच्या (गरजू कॉलेज विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाच्या) कमाल रकमेइतकी असते, २०२४-२५ च्या हिशेबाने ७,३९५ डॉलर. अर्धवेळेला त्याच्या निम्मी. हा पैसा तुमच्या बँकेत येत नाही. तो थेट कॉलेजला किंवा सरकारी विद्यार्थी कर्जाच्या खात्यात जातो, आणि सात वर्षांत वापरावा लागतो. भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज यातून फिटत नाही, अमेरिकेतलं खासगी कर्जही नाही. ज्या वर्षी वापराल त्या वर्षी त्यावरही कर.

आता आजीची सोय. स्टेट अँड नॅशनलमध्ये सेवा सुरू करताना वय ५५ किंवा जास्त असेल, तर हा अवॉर्ड मुलाच्या किंवा नातवंडाच्या नावे करता येतो. ज्याच्या नावे कराल तोही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा.

अर्ज आणि कागद

माय अमेरिकॉर्प्स या पोर्टलवर खातं उघडायचं, एकदा अर्ज भरायचा आणि तोच अनेक संस्थांना पाठवता येतो. शिक्षण, अनुभव, ओळखीचे संदर्भ आणि ‘ही सेवा का करायची आहे’ यावर छोटं निवेदन. निवेदनात देशसेवेची भाषणं नकोत. मंडळाच्या गणेशोत्सवात दोनशे माणसांच्या जेवणाची व्यवस्था केली असेल, शेजारणीला मुलाच्या शाळेचे फॉर्म भरून दिले असतील, तर तेच लिहा. आउटरीच म्हणजे दुसरं काही नसतंच. काही संस्था आधी आपल्याकडे थेट अर्ज घेतात आणि पोर्टलवर नंतर नोंदवतात.

निवड झाली की पोर्टलवर नावनोंदणी होते आणि तुमचं नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर सरकारी नोंदींशी ताडून पाहिले जातात. मराठी माणसाची गाडी इथे हमखास अडकते. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं म्हणून, सोशल सिक्युरिटी कार्डावर तेच पहिल्या नावाला चिकटलेलं, लग्नानंतर आडनाव एका कागदावर बदललेलं आणि दुसऱ्यावर माहेरचंच. संगणकाला ही तीन वेगवेगळी माणसं वाटतात. अर्जात नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच, अक्षर न अक्षर लिहा. आधी ते कार्डच दुरुस्त करून घेतलंत तर आणखी बरं. तरीही जुळलं नाही तर पुरावा मागतात: अमेरिकन पासपोर्ट, अमेरिकेतला जन्मदाखला, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, परदेशात जन्मलेल्या अमेरिकन मुलाचा वकिलातीतला जन्मनोंदीचा कागद, किंवा ग्रीन कार्ड. यातलं एक पुरतं. आधार, पॅन, बारावीची गुणपत्रिका यांची नागरिकत्वाच्या पुराव्यासाठी काही गरज नाही. हायस्कूल झाल्याचं बहुतेक ठिकाणी स्वतःच्या सहीनिशी लिहून द्यायचं असतं, मात्र ते खोटं ठरलं तर गुन्हा आहे.

मग पार्श्वभूमी तपासणी. ती तीन पदरी असते: लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी, राज्याच्या नोंदी (तुम्ही राहता ते राज्य आणि सेवा करणार ते, दोन्ही), आणि बोटांचे ठसे घेऊन एफबीआयची तपासणी. सेवेच्या पहिल्या दिवसाआधी हे सगळं पूर्ण व्हायलाच हवं. त्या लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत नाव असलेला किंवा खुनाची शिक्षा झालेला माणूस अपात्र. तपासणीला नकार देणं किंवा तिथे खोटं बोलणं, तरीही अपात्र. बाकी जुन्या किरकोळ प्रकरणांबद्दल संस्था आपला विचार करते, म्हणून लपवू नका.

सही करण्याआधी

करारात मनाई असलेल्या कामांची यादी असते, ती वाचा. सेवेच्या तासांत मतदार नोंदणी, निवडणूक प्रचार, मोर्चे, धार्मिक शिकवण यांना बंदी आहे. फूड पँट्री देवळात किंवा चर्चमध्ये असली तर तिथे टेबल लावता येतं, आरतीचं ताट मात्र सेवेच्या वेळेत धरायचं नाही.

मधेच सोडायची वेळ आली तर कारण बघतात. स्वतःचं गंभीर आजारपण किंवा घरातला मृत्यू अशा कारणाने, आणि किमान १५ टक्के तास झाले असतील, तर अवॉर्डचा तेवढा वाटा मिळतो. चांगली नोकरी लागली म्हणून सोडलंत तर अवॉर्ड नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने जवळजवळ ४० कोटी डॉलरची अमेरिकॉर्प्स अनुदानं एका फटक्यात रद्द केली. अनेक मेंबरांची सेवा अर्ध्यात थांबली, राज्यं कोर्टात गेली आणि खटला लढणाऱ्या राज्यांतली अनुदानं जूनमध्ये कोर्टाच्या आदेशाने परत सुरू झाली. म्हणून मुलाखतीत न लाजता विचारा: या वर्षाचं अनुदान मंजूर झालंय का, आणि ते थांबलं तर माझे झालेले तास कोण आणि कसे नोंदवणार?