दोष दाखवणे आणि दोषी ठरवणे

जोडीदाराने, आईवडिलांनी, भावंडांनी किंवा जिवलग मित्राने तोंडावर खडे बोल सुनावले, की ती कानउघाडणी आहे की नुसता दोषारोप, हे त्या क्षणी बहुतेकांना उमगत नाही, कारण दोन्ही सारखेच झोंबतात. ख्रिस्ती माणसाचा घोळ तर आणखी वाढतो. मित्राने केलेले घाव विश्वासूपणाचे असतात, असे बायबलमधील नीतिसूत्रे २७:६ सांगते, आणि ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही, असे रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो. पण आपल्याला दुसऱ्याला सुनवायचे असते तेव्हा पहिले वचन आठवते आणि स्वतःला ऐकून घ्यायचे नसते तेव्हा दुसरे.

शास्त्रात हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याच्या घरात. निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात त्याचा सासरा इथ्रो रानात त्याला भेटायला येतो आणि दुसऱ्याच दिवशी पाहतो, की मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसला आहे आणि लोक भोवती ताटकळत उभे आहेत. ‘तू करतोस हे ठीक नाही,’ असे तो जावयाला स्पष्ट सांगतो. मात्र तो तेवढ्यावर थांबत नाही. तू आणि तुझ्याबरोबरचे लोकही थकून जाल, हे कारण तो देतो. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर देवभीरू व लाच न घेणारे नायक नेम, हा उपाय सुचवतो. आणि देवाची तशी आज्ञा असेल तर, अशी जोडही देतो, म्हणजे आपल्या सल्ल्यालाही तो देवाच्या इच्छेखाली ठेवतो. सगळे सांगून झाल्यावर तो आपल्या देशी निघून जातो. त्या व्यवस्थेत त्याला स्वतःला कोणतेही पद नको होते, ही बाब मला त्याच्या शब्दांइतकीच महत्त्वाची वाटते.

गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मोशेची सख्खी भावंडे, मिर्याम आणि अहरोन, त्याच्याविरुद्ध बोलतात. निमित्त असते त्याने केलेल्या कूश देशातल्या बायकोचे, पण पुढच्याच वाक्यात खरी सल बाहेर येते: परमेश्वर काय फक्त मोशेशीच बोलला आहे, आमच्याशी नाही? येथे मोशेने उद्यापासून काय वेगळे करावे, याबद्दल एक शब्दही नाही. त्याची जी जागा आहे ती त्याची असू नये, एवढेच त्यांचे म्हणणे आहे, आणि अशा बोलण्यावर ऐकणाऱ्याला काही करता येत नाही. इथ्रोचे ऐकून मोशेने कामाची पद्धत बदलली. भावंडांना त्याने उत्तरच दिले नाही, आणि मिर्यामेला कोड फुटले तेव्हा तिला बरे करावे म्हणून देवाचा धावा मात्र केला.

दोषारोपाची दुसरी खूण हेतूबद्दलच्या आरोपात सापडते. बापाने पाठवले म्हणून भावांसाठी शिधा घेऊन रणभूमीवर आलेल्या दाविदाला त्याचा थोरला भाऊ अलियाब म्हणतो, की तुझी घमेंड आणि तुझ्या मनाचा दुष्टपणा मी जाणतो, तू लढाईची गंमत पाहायला आला आहेस. जवळच्या माणसाला आपल्या सवयी माहीत असतात, म्हणून आपले अंतःकरणही वाचता येते असे त्याला वाटू लागते, आणि घरातली निम्मी भांडणे येथूनच पेटतात.

आवाजाचा कठोरपणा किंवा चारचौघांत बोलणे ही मात्र खात्रीची खूण नाही. भाऊ अपराध करील तर त्याला एकांतात गाठून दाखव, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय १८:१५), आणि नेहमीची रीत तीच. तरीही अंत्युखिया शहरात प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला सर्वांसमक्ष अडवले. पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत असे आणि यरुशलेममधील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही लोक आल्यावर भीतीने मागे सरला. ते कृत्य उघड होते आणि पौलाचा सहकारी बर्णबा याच्यासारखा माणूसही त्याच्यामागे वाहवत गेला होता. पौलाने त्या कृत्यावरच बोट ठेवले.

प्रत्यक्ष घरात हे दोन्ही प्रकार क्वचितच वेगवेगळे येतात. ‘मुलांशी तू ओरडूनच बोलतोस’ आणि ‘तू आहेसच तसा’ ही वाक्ये एका दमात येतात, आणि ऐकणारा दुसऱ्या वाक्याचा राग धरून पहिलेही झटकून टाकतो. माझ्या मते ऐकणाऱ्याकडून होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे: हा दोषारोप आहे, असे ठरवले की त्यातला खरा भागही तपासावा लागत नाही. राग निवल्यावर ‘मी नेमके काय बदलावे असे तुला वाटते?’ एवढे विचारावे. कानउघाडणी करणाऱ्याकडे याचे उत्तर असते, कधी त्याने ते आधीच दिलेलेही असते. दोषी ठरवणारा जुने हिशेब काढतो. पौलानेही करिंथ येथील मंडळीला ईश्वरप्रेरित दुःख आणि जगाचे दुःख वेगळे करून दाखवले, ते त्या दुःखांच्या फळावरून. पहिल्यातून पश्चात्ताप उपजतो, दुसऱ्यातून मरण.

मारहाण, धमक्या किंवा रोजची मानखंडना यांना मात्र कोणी ‘प्रीतीने केलेले शासन’ म्हटले, तरी ते कानउघाडणीत बसत नाही. तेथे आपले काय चुकले हे शोधत बसण्याआधी सुरक्षित जागी जावे आणि विश्वासाच्या माणसाला सांगावे; नम्रतेच्या नावाखाली ते सोसत राहण्याची आज्ञा शास्त्राने कोणालाही दिलेली नाही.