मान कुठे संपतो, पूजा कुठे सुरू होते: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको, ही बायबलमधली आज्ञा ख्रिस्ती माणसाला पाठ असतेच. अडचण येते ती बाजारात, मेजवानीत आणि सरकारी समारंभात. ग्रीसमधल्या करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला पौलाच्या पत्रातून (बायबल, 1 करिंथ 8 ते 10) मिळालेला नियम नेमका होता: बाजारातले मांस चौकशी न करता खावे, ‘हा नैवेद्य आहे’ असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये, देवळातल्या पंक्तीला मात्र बसूच नये.

इ.स. 250 मध्ये हा प्रश्न ताटातून कागदावर आला. रोमन सम्राटाच्या फर्मानानुसार प्रत्येकाने अधिकाऱ्यांसमोर देवांना पेय ओतायचे, बळी अर्पायचा, त्यातला घास चाखायचा आणि तसा दाखला सही करून घ्यायचा होता. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर, 251 मध्ये, उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे बिशपांच्या (मंडळ्यांच्या प्रमुखांच्या) सभेने दोघांत फरक केला: दाखला विकत घेणाऱ्यांना एकेकाची चौकशी करून मंडळीत परत घ्यावे, प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांना मरणाच्या दारातच क्षमा मिळावी. पुढे नव्या छळाची चाहूल लागताच ही दुसरी अटही सैल केली गेली. विकत घेतलेला कागदही खोटाच होता. तरीही चौकशी एकेकाची झाली, हे योग्यच झाले.

314 मध्ये, तुर्कस्तानातल्या आजच्या अंकारा येथे भरलेल्या बिशपांच्या सभेत, मोजमाप आणखी बारीक झाले. बळजबरीने बळी द्यावा लागला, पण नंतरच्या भोजनाला जो भारी कपडे घालून मजेत गेला, त्याने उपासनेत एक वर्ष नुसते वचन ऐकावे, तीन वर्षे पश्चात्तापी म्हणून गुडघ्यांवर राहावे, दोन वर्षे फक्त प्रार्थनेत सामील व्हावे, मग प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीत पुन्हा पूर्ण सहभाग. शोकवस्त्रे नेसून रडत जेवलेल्याला गुडघ्यांवर तीन वर्षे; बसला पण जेवला नाही, त्याला दोन. पंक्तीत स्वतःचे अन्न नेऊन खाणाऱ्यालाही दोन. पश्चात्ताप आणि आधीचे-नंतरचे वागणे पाहून मुदत कमी-जास्त करण्याची मुभा बिशपांना होती. हे वाचताना कायद्याचा कोरडेपणा जाणवतो, पण कपडे, अश्रू आणि घास वेगवेगळे पाहिल्याशिवाय माणूस कुठे घसरला हे कळत नाही. शिक्षा एकच ठेवली की भित्रा आणि निर्ढावलेला एकाच रांगेत उभे राहतात.

चीनमधील पूर्वजांना दिला जाणारा मान ही पूजाच, असे रोमने, म्हणजे कॅथलिक पंथाच्या पोपने, 1742 मध्ये पक्के ठरवले. 1939 मध्ये त्यातले बरेच नागरी संस्कार म्हणून मोकळे केले.

खरा पेच पडला कोरियात. जपानी सत्तेने शिंतो (जपानच्या पारंपरिक धर्माच्या) देवस्थानापुढे वाकून नमन करणे सक्तीचे केले आणि हा धर्म नव्हे, देशभक्ती आहे असे सांगितले. सप्टेंबर 1938 मध्ये प्योंग्यांगला प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळीच्या महासभेत पोलिसांच्या पहाऱ्यात, हे नमन धर्म नव्हे, असाच ठराव मांडला गेला. अध्यक्षांनी बाजूची मते विचारली, विरुद्ध मत विचारलेच नाही. नमन नाकारणारे तुरुंगात गेले. काही तिथेच मेले. समारंभाला नागरी म्हटल्याने तो नागरी होत नाही: ज्याच्यापुढे वाकायचे ते देवस्थान होते आणि नकार दिला तर तुरुंग होता. तुरुंगात गेलेल्यांनी हे अचूक ओळखले होते.

ऑगस्ट 1945 मध्ये हे कैदी सुटले आणि जुना प्रश्न परत उभा राहिला. त्यांनी मागितले ते अंकाऱ्याच्या मानाने फार थोडे होते: नमन केलेल्या पाळकांनी किमान दोन महिने सेवेपासून दूर राहून पाप कबूल करावे, तोवर उपासना सेवकांनी किंवा सामान्य सभासदांनी चालवावी. नमन केलेल्यांच्या बाजूने उत्तर आले: बाहेर राहून मंडळी जपली, तेही सोसणेच होते; पश्चात्ताप ज्याचा त्याने देवाशी करावा. 1952 मध्ये मंडळी फुटली. 1938 चा ठराव मागे घेतला गेला तो 1954 मध्ये.